जस्ताच्या बादलीतलं कोकम सरबत: एक स्टार दिलेल्या ताईंना दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. परवा तुमचे यजमान परत देऊन गेले ती बादलीही समोर घेऊन बसलोय.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात: ताईंनी नातवाच्या मुंजीसाठी आमच्याकडून जस्ताच्या दोन बादल्या नेल्या. आदल्या रात्री त्यांत कोकम सरबत करून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते प्यायलेल्यांपैकी नऊ जणांना तासाभरात मळमळून उलट्या झाल्या. संध्याकाळपर्यंत सगळे बरे झाले, पण कार्याचा विचका व्हायचा तो झालाच. ताईंचं म्हणणं, बादली भेसळीची आहे, "जस्ताच्या नावाखाली कसला तरी विषारी मुलामा". दुकानात विचारायला आल्या, तर काउंटरवरच्या पोराने "जस्त शरीराला लागतंच, काही होत नाही" म्हणून वाटेला लावलं.

आधी आमची चूक. तुमचं बिल काढून पाहिलं. द्रोण, पत्रावळी, पाच डझन पेले आणि दोन बादल्या. हे बघूनही "बादल्या कशाला हव्यात?" एवढं आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर स्टीलचं पिंप दिलं असतं. आणि पोराने दिलेलं उत्तर उद्धट होतं, शिवाय अर्धवट. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

भेसळीचं मात्र मान्य नाही. बादलीवर जस्त खरं आहे, म्हणूनच हे झालं. तुमच्या बादलीत आतून हात फिरवला. सरबत जिथवर होतं तिथवर पत्रा राखाडी, खरखरीत झालाय. त्या रेषेच्या वर जस्ताची फुलासारखी नक्षी अजून चमकते. ही बादली म्हणजे लोखंडी पत्रा, सुमारे 450 अंशांवर वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला गंजू देत नाही, त्याचं कामच ते. आपल्या कोकणातल्या खाऱ्या हवेत त्याचा उपयोग मी वेगळा सांगायला नको. पण आंबट पदार्थात ते फार लवकर विरघळतं. कोकम, लिंबू, चिंच, ताक, काहीही. तुमचं सरबत रात्रभर त्यात होतं. "जरा तुरट लागतंय" असं दोघा-तिघांनी म्हटल्याचं तुम्हीच लिहिलंय. ती तुरट चव जस्ताची, आणि असं विरघळलेलं जस्त जास्त पोटात गेलं की उलटी होते. एकेकाळी डॉक्टर मुद्दाम उलटी करवायला झिंक सल्फेट (झिंक म्हणजे जस्तच) देत, ते याच गुणामुळे.

"आमच्या आजीच्या कल्हईच्या पातेल्यात ताक राहायचं, तेव्हा कुणाला काही झालं नाही" हा तुमचा मुद्दा बिनतोड वाटतो, पण कल्हई जस्ताची नसते, कथलाची (इंग्रजीत टिन) असते. दोन्ही पांढरे धातू, म्हणून गल्लत होते (गिऱ्हाइकांचं सोडा, दुकानदारांचीही होते). कथील आंबटाला बऱ्यापैकी दाद देत नाही. उलट पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं, म्हणून तर पितळी पातेल्याला आतून कल्हई लागते.

आता पोराचं ते वाक्य. जस्त शरीराला लागतं हे खरंच आहे. बिहारमधल्या बक्सरला जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद यांनी इराणमध्ये वाढ खुंटलेल्या तरुणांवर काम करून 1960च्या दशकात ते दाखवून दिलं. पण लागतं किती? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2020च्या शिफारशीप्रमाणे पुरुषाला दिवसाला 17 मिलिग्रॅम, बाईमाणसाला 13च्या आसपास. तेवढं डाळी-उसळी, तीळ, अंडी-मटणातून मिळवायचं, बादलीतून नव्हे. बादलीच्या पत्र्यावर जस्त ग्रॅमने बसलेलं असतं, आणि एक ग्रॅम म्हणजे पुरुषाचा जवळजवळ दोन महिन्यांचा हिशोब.

तुमच्या रिव्ह्यूतल्या शेवटच्या ओळीने मात्र मला खरी काळजी लावली. लेकीच्या दीड वर्षाच्या मुलाला जुलाबावर डॉक्टरांनी झिंकचं औषध दिलं होतं, ते तुम्ही "हेच विष" म्हणून बंद केलंत. ताई, ते कृपा करून आजच डॉक्टरांना सांगा. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2004मध्येच जुलाब झालेल्या मुलांना ओआरएसबरोबर 10 ते 14 दिवस झिंक द्यायला सांगितलंय, तेव्हाच्या शिफारशीत सहा महिन्यांवरच्या मुलाला दिवसाला 20 मिलिग्रॅम होतं. जुलाब थांबले तरी कोर्स पुरा करायचा असतो. मी भांडी विकतो, डॉक्टर नाही. म्हणून किती आणि कसं हे त्यांच्याकडूनच ऐका, पण आमच्या बादलीचा राग त्या बाटलीवर काढू नका.

दोन्ही बादल्यांचे पैसे परत देतो, दुसरी आणून द्यायचीही गरज नाही. ती न्हाणीघरात ठेवा, आंघोळीच्या पाण्याला उत्तम. सरबत करायला पुन्हा पिंप लागलं तर आमच्याकडचं स्टीलचं दोन दिवसांसाठी घेऊन जा, भाडं नको. आणि दुकानात बादल्यांच्या चळतीवर कालपासून पाटी लागली आहे: "आंबट, खारट, खाण्यापिण्याचं काहीही यात ठेवू नये." पाटी त्याच पोराकडून लिहून घेतली.

– दुकानमालक