लांब सफरीचा एक टप्पा घेणारा प्रवासी दुय्यम का?

दक्षिण अमेरिकेला समुद्रमार्गे प्रदक्षिणा घालणाऱ्या लांबलचक क्रूझचा एखादाच टप्पा घेऊ पाहणाऱ्या माणसाला ज्या रीतीने वागवले जाते, तिचा मला मनस्वी संताप आला आहे आणि तो गिळून गप्प बसण्याची माझी तयारी नाही. सत्तर-पंचाहत्तर दिवसांची पूर्ण सफर ज्याला परवडते, आणि तेवढे दिवस घर, औषधपाणी, म्हातारी माणसे, नोकरी हे सगळे मागे टाकून जो राहू शकतो, असा माणूस विरळाच. बाकीच्यांसाठी म्हणून कंपनी त्या सफरीचे टप्पे पाडून विकते. परंतु टप्पा कुठे तोडायचा, त्याचा भाव काय लावायचा आणि तो घेणाऱ्याला कोणती केबिन द्यायची, हे ठरवताना त्याच्या प्रवासाचा विचार कुणी पाच मिनिटेही केलेला दिसत नाही.

ज्या सफरीसाठी आम्ही पुण्यात बसून गेले कित्येक महिने डोके फोडून घेत आहोत, तिचा मार्ग असा आहे. जहाज फ्लोरिडातून निघते, कॅरिबियन समुद्र ओलांडून पनामा कालव्यातून पॅसिफिकमध्ये उतरते आणि इक्वेडोर, पेरू करत चिलीतल्या सान आंतोनियो बंदराला येते. तिथे पहिला टप्पा संपतो. दुसरा टप्पा चिलीच्या फियोर्डमधून (डोंगरांच्या मधे शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या वाटांमधून) पुंता अरेनास, बीगल सामुद्रधुनी, उशुआया, खंडाचे दक्षिण टोक असलेले केप हॉर्न, अंटार्क्टिकाचा काठ आणि फॉकलंड बेटे असा फिरून ब्युनोस आयर्सला संपतो. तिसरा टप्पा ब्राझीलच्या किनाऱ्याने वर जातो, ॲमेझॉनमधून मनाउसपर्यंत आत शिरतो आणि परत फ्लोरिडा गाठतो. म्हणजे एवढ्या मोठ्या खंडाभोवती फिरताना माणसाला चढण्या-उतरण्यासाठी मध्ये दोनच जागा आहेत, आणि त्या का, तर सांतियागो आणि ब्युनोस आयर्सचे मोठे विमानतळ जवळ पडतात म्हणून. त्यातही सान आंतोनियोहून सांतियागोचा विमानतळ शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे, आणि सकाळी आठच्या आत केबिन रिकामी करून, रात्रीच्या विमानापर्यंतचा सबंध दिवस सामानासह कुठे काढायचा, ही चिंता प्रवाशाची.

आमची मागणी साधी होती. माझ्या पतींची अँजिओप्लास्टी झालेली आहे आणि त्यांच्या डॉक्टरांनी साधारण महिन्याभराच्या प्रवासाला परवानगी दिली आहे. आम्हाला आधी विमानाने पेरूला जायचे होते, डोंगरातल्या कुस्को शहराची ३४०० मीटर उंची अंगवळणी पडेपर्यंत सावकाश राहायचे होते, माचू पिक्चू हे इंका लोकांचे जुने नगर पाहायचे होते आणि मग लिमाच्या कायाओ बंदरात जहाजावर चढून केप हॉर्नमार्गे ब्युनोस आयर्सला उतरायचे होते. हे जहाज कायाओला दोन रात्री उभे असते. तरीही उत्तर आले की कायाओ हे चढण्याचे बंदर नाही, सबब चढता येणार नाही. कारण विचारले तर कागदपत्रे, इमिग्रेशन, बंदरातली व्यवस्था असे एकामागून एक शब्द आले आणि प्रत्येक वेळी फोनवरची व्यक्ती बदलली.

यात मला सर्वांत अधिक चीड आणणारी गोष्ट ही, की हीच कंपनी पूर्ण सफर घेणाऱ्यांना कायाओहून माचू पिक्चूची दोन-तीन रात्रींची सहल विकते. ते लोक कायाओला जहाज सोडतात, विमानाने कुस्कोला जातात, आणि जहाज तोवर पुढे गेलेले असल्यामुळे ते पुढच्याच एखाद्या बंदरात पुन्हा जहाजावर चढतात! म्हणजे मधल्या बंदरात उतरणे आणि दुसऱ्या मधल्या बंदरात चढणे हे सगळे शक्य आहे, त्यासाठी माणसे आहेत, कागद आहेत, बसगाड्या आहेत. ज्याने पूर्ण भाडे भरले त्याच्यासाठी जे होते, ते टप्प्याच्या मध्येच चढू पाहणाऱ्यासाठी होत नाही, याला मी व्यवस्थेची अडचण म्हणणार नाही. ही इच्छा नसण्याची गोष्ट आहे. पहिल्या दोन्ही टप्प्यांचे पैसे भरा आणि कायाओपर्यंत केबिन रिकामी ठेवा, असा ‘पर्याय’ आम्हाला देण्यात आला, तोही फ्लोरिडात प्रत्यक्ष हजेरी लावल्यावरच चालेल या अटीवर. त्यासाठी अमेरिकेचा व्हिसा हवा, आणि मुंबईत त्या मुलाखतीची तारीख मिळवण्यात काय हाल होतात हे इथल्या माणसाला सांगायला नको.

बरे, पेरू सोडून द्यावे आणि मधलाच टप्पा घ्यावा, असे म्हटले तर भाव पाहून डोळे फिरतात. दर दिवसाचा हिशेब मांडला तर पूर्ण सफरीपेक्षा या टप्प्याचा दिवस कितीतरी महाग पडतो. कंपनीला ठाऊक आहे की फियोर्ड, केप हॉर्न आणि अंटार्क्टिका हेच लोकांना हवे आहे, म्हणून तिथे हात आखडता घेत नाही. पूर्ण सफरीवाल्यांना कर्मचाऱ्यांच्या टिप्स, कपडे धुणे, सामान घरपोच नेण्या-आणण्याची सोय हे सारे भाड्यात मिळते. टप्पेवाल्यांना यातले प्रत्येक वेगळे मोजावे लागते. शिवाय जहाज संध्याकाळी उशिरा सुटते तो चढण्याचा दिवस पूर्ण दिवस म्हणून धरलेला असतो. लांब सफरीत असा एक दिवस पचून जातो, छोट्या टप्प्यात तो डोळ्यांत खुपतो. ब्युनोस आयर्सचे तर मी नावच घेऊ नये. जहाज तिथे दोन दिवस थांबते, माहितीपत्रकात ते दोन्ही दिवस आमच्या टप्प्याच्या नकाशावर ठळक अक्षरांत छापले आहेत, आणि बारीक अक्षरांत लिहिले आहे की टप्पा संपवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सकाळी उतरायचे आहे. मग ते दोन दिवस आमच्या पानावर का छापता?

केबिनच्या वाटपात तर उघड भेदभाव आहे. ही सफर पश्चिम किनाऱ्याने खाली उतरते आणि पूर्व किनाऱ्याने वर चढते, त्यामुळे जमीन सतत जहाजाच्या डाव्या हाताला राहते. दक्षिणेकडे जाताना पूर्व डावीकडे, केप हॉर्नला वळसा घालताना उत्तर डावीकडे, वर येताना पश्चिम डावीकडे. शाळेतल्या मुलालाही कागदावर बाण काढून हे कळेल. पूर्ण सफरीची विक्री आधी उघडते, टप्प्यांची नंतर, आणि तोवर डावीकडच्या बाल्कनीच्या केबिन संपलेल्या असतात. आम्हाला दाखवल्या त्या सगळ्या उजवीकडच्या, किंवा अगदी पुढच्या टोकाच्या, जिथे दक्षिणेच्या समुद्रात जहाज सर्वांत जास्त उसळते. डाव्या-उजव्याच्या भाड्यात फरक नाही, असे मोठ्या औदार्याने सांगण्यात आले. फियोर्डमध्ये दोन्ही बाजूंना डोंगर असतात हे मलाही माहीत आहे, पण बीगल सामुद्रधुनीत रोमांश, अलेमानिया, फ्रान्सिया, इतालिया, ओलांडा अशा एकामागून एक हिमनद्या येतात त्या उत्तरेच्या काठावर आहेत, आणि पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजाचा उत्तरेकडचा हात कोणता, हे पुन्हा सांगायला नको. त्या भागातून जहाज उजेडी जाणार की अंधारात, हा प्रश्न मी लेखी विचारला होता. उत्तर आले की वेळापत्रक बदलू शकते.

अंटार्क्टिकाबद्दल जे लिहिलेले असते त्याने तर मन उद्विग्न होते. पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाला अंटार्क्टिकात माणसे उतरवता येत नाहीत आणि लहान जहाजांनाही एका ठिकाणी एका वेळी शंभराहून अधिक माणसे किनाऱ्यावर ठेवता येत नाहीत. हा नियम योग्यच आहे आणि माझी त्याबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार ही, की आमचे जहाज हजाराहून अधिक प्रवाशांचे असताना माहितीपत्रकात पेंग्विनांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसांचे चित्र छापले आहे. कोपऱ्यातल्या दोन शब्दांवरून समजून घ्यायचे की हे सगळे डेकवरूनच पाहायचे आहे. आयुष्यभराच्या बचतीतून एकदा जाणाऱ्या माणसाला ही गोष्ट पहिल्या ओळीत सांगायला हवी. फॉकलंडचेही तेच. पोर्ट स्टॅन्लीला मोठी जहाजे बाहेर नांगर टाकतात आणि लहान बोटींनी माणसे नेतात, त्यामुळे वारा वाढला की तो थांबा रद्द होतो, आणि तिथे वारा नेहमीच वाढतो. पूर्ण सफरीवाल्याला पुढे पंधरा-वीस बंदरे उरतात, आमच्या हाती मात्र मोजकीच असतात आणि त्यातले एक गेले तर परत मिळतो तो फक्त बंदराचा कर.

आता व्हिसा. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याला या एका टप्प्यासाठी चिली आणि अर्जेंटिना या दोन्ही देशांचे नियम आधी तपासावे लागतात. अर्जेंटिनात तर उशुआयाला एकदा आणि मधे अंटार्क्टिका, फॉकलंड करून पुन्हा एकदा, असा दोनदा प्रवेश होतो, म्हणजे एका प्रवेशाचा व्हिसा कामाचा नाही. ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नाही, नकाशा पाहून मीच काढली. एजंटाचे म्हणणे, ‘मॅडम, व्हिसाची जबाबदारी प्रवाशाची असते.’ जबाबदारी आमची हे मान्य, पण उरलेली सगळी रक्कम भरण्याची शेवटची तारीख व्हिसा हातात येण्याच्या आधीच येते आणि व्हिसा न मिळाल्यास पैसे परत मिळत नाहीत, ही अट कोणत्या न्यायाने लावली? पिवळ्या तापाच्या लशीचेही तसेच. पेरू, अर्जेंटिना, ब्राझील या देशांतून थेट परतणाऱ्याकडे भारतातल्या विमानतळावर या लशीचे प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि साठी उलटलेल्यांना तिचा धोका वाढतो, त्यामुळे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ती घेऊ नये. या सफरींचे निम्म्याहून अधिक प्रवासी साठीपुढचे असतील असे मी डोळे मिटून म्हणेन. तरीही आम्हाला दिलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात लशीचा उल्लेख नाही. कोट आणि लांब गाऊन घालायच्या संध्याकाळींबद्दल मात्र दीड पान आहे.

छोटा टप्पा मागणारा माणूस कंपनीवर उपकार मागत नाही. तो रोख पैसे देतो, बहुधा रोजच्या हिशेबाने जास्तच देतो, आणि ज्या केबिन पूर्ण सफरीला खपल्या नाहीत त्या भरून देतो. त्याच्यासाठी एवढे करता येणार नाही का, की जिथे जहाज रात्रभर उभे राहते त्या प्रत्येक बंदरात चढण्या-उतरण्याची मुभा द्यावी, टप्प्याच्या नकाशावर फक्त त्याला मिळणारेच दिवस छापावेत, काही डाव्या बाजूच्या केबिन टप्पेवाल्यांसाठी राखून ठेवाव्यात आणि पैसे भरण्याची शेवटची तारीख व्हिसाच्या वेळापत्रकाशी जुळवावी?

आम्ही अनामत भरलेली नाही आणि या अटींवर भरणारही नाही. पुंता अरेनास आणि उशुआया यांच्या दरम्यान चार-पाच दिवसांच्या लहान जहाजांच्या फेऱ्या असतात. त्या त्याच भागातल्या हिमनद्यांपाशी प्रवाशांना किनाऱ्यावर उतरवतात आणि हवा साथ देईल तेव्हा केप हॉर्नच्या बेटावरही उतरवतात. पेरू आम्ही जमिनीवरून पाहू आणि तिथून विमानाने पुंता अरेनासला जाऊ. त्या फेऱ्याही स्वस्त नाहीत, आणि फॉकलंड व अंटार्क्टिका दोन्ही हातचे जातील याचे मला फार वाईट वाटते आहे, कारण ती दोन्ही ठिकाणे त्याच जहाजाच्या मार्गावर होती, जे कायाओला दोन रात्री उभे असूनही आम्हाला चढू देत नाही.