चौघांत एक कॉलम

सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहात? मग प्रोजेक्टसाठी आधी ग्रुप जमवा. चौघांत काम करणारा एक पुरे. दोन झाले की मतभेद होतात.

विषय शोधत बसू नका. कोथरूडमधली सात मजली निवासी इमारत पिढ्यान्‌पिढ्या पास होत आली आहे. नागपूरच्या मावसभावाकडून त्याच्या ग्रुपची फाइल मागवा आणि मुखपृष्ठावर पुणे टाका. आत भूकंपासाठी नागपूरच्या झोन २ चा (झोन म्हणजे भूकंपाच्या धोक्याचा पट्टा) ०.१० गुणांक राहील, राहू द्या. आयएस १८९३ या भूकंपाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे झोन ३ मध्ये आहे, गुणांक ०.१६, म्हणजे आडवा जोर दीडपटीहून जास्त धरायला हवा, हे खरं. पण भूकंप काय सबमिशनच्या आठवड्यातच येणार आहे?

आता वाटणी. एकाने ऑटोकॅडमध्ये प्लॅन काढावा, दुसऱ्याने ईटॅब्स या सॉफ्टवेअरमध्ये इमारतीचं मॉडेल करावं, तिसऱ्याने सळयांचा हिशोब, चौथ्याने रिपोर्ट. एकमेकांच्या फाइली उघडू नयेत, अविश्वास दिसतो. मग प्लॅनमध्ये कॉलम, म्हणजे खांब, २३० बाय ४५० येईल, कारण तो नऊ इंची भिंतीत गुपचूप बसतो. मॉडेलमध्ये ३०० बाय ४५०, कारण आयएस १३९२० (२०१६) या भूकंपाच्याच दुसऱ्या मानकाला किमान ३०० मिलिमीटर लागतात. रिपोर्टच्या तक्त्यात ३०० बाय ६००, कारण तक्ता नागपूरचा. शिवाय तळमजल्यावर हाच कॉलम पार्किंगच्या रॅम्पमध्ये मधोमध उभा. प्रत्येकाचा भाग बिनचूक! चूक असलीच तर दोन भागांच्या मधे, आणि तिथे कोणाचंच नाव नाही.

मातीचं फार मनावर घेऊ नका. पुण्यात कुठे वर काळी माती, कुठे चार फुटांवर मुरूम, कुठे थेट कातळ. साइटप्रमाणे ते बदलतं, तुमच्या रिपोर्टमधली भारक्षमता बदलायचं कारण नाही. हेल्मेट घातलेला फोटो मात्र हवाच.

गाइडना भेटायला काम करणाऱ्याला पुढे करा, बाकीच्यांनी मागे उभं राहून माना डोलवाव्यात. (हेच रिझ्युमेत ‘टीमवर्क’ म्हणून लिहायचं.)

व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) एक्स्टर्नलनी, म्हणजे बाहेरच्या परीक्षकांनी, विचारलं, ‘हा कॉलम कोणी डिझाइन केला?’ की एकसुरात ‘आम्ही, सर’ म्हणा आणि सोनेरी अक्षरांचं बाइंडिंग पुढे सरकवा. मार्क चौघांना सारखेच पडतील. काम करणारा जरा गप्प गप्प राहील, त्याला मिसळ खायला न्या. बिल चौघांत समान.