लिमिटेड पेटला गुंतवणूक म्हणणं थांबवा

पेट म्हणजे ऑनलाइन गेममध्ये पाळता येणारा प्राणी, आणि लिमिटेड पेट म्हणजे ठरावीक काळापुरताच मिळणारा; बऱ्याचदा तो गेममधल्या अंड्यातून नशिबाने निघतो. अशा गेममध्ये नवा इव्हेंट सुरू झाला की एक मजकूर फिरू लागतो. शब्द बदलतात, सांगणं तेच: ‘हा पेट पुन्हा कधीच येणार नाही. चान्स एक टक्का आहे, म्हणजे शंभर अंडी फोडली की मिळणारच. मिळाला की त्याची किंमत वाढतच जाते आणि नको झाला तर विकून पैसे परत. हा खर्च नाही, गुंतवणूक आहे.’ हे वाचणाऱ्यांत शाळकरी मुलं खूप आहेत, म्हणून यातलं एकेक विधान तपासायला हवं.

सुरुवात शंभर अंड्यांपासून करू, कारण सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो. आधीच्या अंड्यांत काय निघालं याचा पुढच्या अंड्यावर काहीही परिणाम होत नाही. एका अंड्यातून पेट न निघण्याची शक्यता ९९ टक्के. ०.९९ ला स्वतःशीच शंभर वेळा गुणलं की उत्तर येतं सुमारे ०.३७. म्हणजे शंभर जणांनी प्रत्येकी शंभर अंडी फोडली तर त्यातले साधारण ३७ जण रिकाम्या हाताने परततील. दोनशे अंड्यांनंतरही १३ जण उरतात, तीनशेनंतर ५. ‘एवढी फोडली, आता येईलच’ असं वाटणं स्वाभाविक आहे, पण गणितात त्याला कसलाच आधार नाही. काही गेममध्ये हमी असते, हे मान्य. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये ९० व्या खेपेपर्यंत फाइव्ह-स्टार, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचा इनाम, मिळतोच, कारण तसा नियमच आहे. तुमच्या गेममध्ये असा नियम लिहिलेला नसेल तर ‘मिळणारच’ हा शब्द खोटा आहे.

शिवाय दाखवलेला आकडा कशाचा आहे तेही बघा. रोब्लॉक्स या गेमिंग प्लॅटफॉर्मवरच्या ‘अडॉप्ट मी’ या गेममध्ये रॉयल एग नावाच्या अंड्यातून लेजंडरी, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ दर्जाचा पेट, निघण्याची शक्यता ८ टक्के सांगितली जाते. ती सगळ्या लेजंडरी पेट्सची मिळून आहे. तुम्हाला त्यातला एकच हवा असेल तर तुमच्या वाट्याला त्याहून कमी येते.

‘पुन्हा कधीच येणार नाही’ हे काही पेट्सच्या बाबतीत खरं ठरतं, पण ते ठरवते कंपनी, आणि ती मत बदलू शकते. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधला ड्रॅगन काइट हा पेट मुळात ट्रेडिंग कार्डच्या पाकिटातून नशिबाने निघणाऱ्या कोडवर मिळायचा. ती कार्डं २०१३ मध्ये बंद झाली. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये, ड्रॅगनफ्लाइट हा गेमचा नवा भाग येताना, तोच पेट ट्विच या लाइव्ह व्हिडिओच्या साइटवर काही तास स्ट्रीम बघणाऱ्यांना फुकट मिळाला. पोकेमॉन गोमध्ये तर वर्षभरातल्या कम्युनिटी डेचे, म्हणजे एखाद्या पोकेमॉनसाठी खास ठेवलेल्या दिवसांचे, पोकेमॉन डिसेंबरमध्ये पुन्हा आणण्याची पद्धतच आहे.

आता ‘किंमत वाढतच जाते’. पुरावा म्हणून कायम तीच नावं पुढे येतात: अडॉप्ट मीमधले शॅडो ड्रॅगन आणि बॅट ड्रॅगन, दोन्ही २०१९ च्या हॅलोविनचे. ते आज दुर्मिळ आहेत हे खरंच. पण ते मिळत कसे होते? शॅडो ड्रॅगनची किंमत होती १,००० रोबक्स, म्हणजे रोब्लॉक्सचं पैसे देऊन घ्यायचं चलन. बॅट ड्रॅगन मिळायचा गेममध्येच जमवलेल्या १,८०,००० कँडींवर. दोन्हींची किंमत ठरलेली होती, अंड्यातलं नशीब त्यात नव्हतंच. ज्यांची उदाहरणं देऊन मुलांना अंडी फोडायला लावलं जातं, ते पेट अंड्यातून आलेलेच नाहीत!

आणि ते दुर्मिळ झाले त्याचं कारण वेगळं आहे. अडॉप्ट मीमध्ये पेट्स आले तेच २०१९ च्या उन्हाळ्यात. एप्रिल २०२० पर्यंत एका वेळी खेळणाऱ्यांचा आकडा १६ लाखांच्या वर गेला. म्हणजे पेट निघाला तेव्हा खेळाडू कमी होते आणि मागणी नंतर आली. शिवाय तेव्हा साठा करून ठेवण्याची आजच्यासारखी सवय नव्हती. आज इव्हेंटच्या पहिल्या दिवसापासून लोक दहा-दहा पेट बाजूला ठेवतात, ‘पुढे भाव येईल’ म्हणून. सगळ्यांनीच साठवलेली वस्तू दुर्मिळ होणार कशी? ज्या इव्हेंट पेट्सना पुढे ट्रेडमध्ये कोणी विचारत नाही, त्यांची नावं या मजकुरात कधीच नसतात.

गेम चालू राहील हेही गृहीत धरलेलं असतं. पेट सोसायटी हा पेट पाळण्याचा गेम जून २०१३ मध्ये बंद झाला. क्लब पेंग्विन हा गेमही मार्च २०१७ च्या अखेरीस बंद झाला आणि मुलांनी वर्षानुवर्षं सांभाळलेले पफल नावाचे पेट त्याच्याबरोबर गेले. आपल्याला मिळतो तो पेट वापरण्याचा परवाना, मालकी नाही.

‘विकून पैसे परत’ हे विधान मला सगळ्यात घातक वाटतं. रोब्लॉक्सच्या नियमांत गेमबाहेर पैसे घेऊन पेट विकायला मनाई आहे, त्यापायी अकाउंट जाऊ शकतं. फसवणुकीची वाटही इथूनच जाते. पेटच्या बदल्यात पेट देताना ट्रेडच्या खिडकीत दोन्ही बाजूंचं सामान समोर दिसतं आणि दोघांनी होकार दिल्यावरच अदलाबदल होते. पैसे त्या खिडकीत येत नाहीत. म्हणून पैशांसाठी केलेला प्रत्येक व्यवहार हा ‘आधी तू दे, मग मी देतो’ असाच असतो, आणि पेट हातातून गेला की समोरच्याला बांधणारं काहीच उरत नाही.

पेट आवडला म्हणून त्याच्या मागे लागणं ही या गेममधली खरी मजा आहे, आणि ती कोणी सोडावी असं मी म्हणत नाही. कँडी जमवून मिळणारा असेल तर मनसोक्त खेळा. अंड्यातून निघणारा असेल तर पहिलं अंडं घेण्याआधी रक्कम ठरवा, ती परत येणार नाही असं धरूनच. मूल लहान असेल तर हा आकडा आईवडिलांनी त्याच्यासोबत बसून ठरवावा आणि अकाउंटवर महिन्याच्या खर्चाची मर्यादाही घालून ठेवावी.