पुठ्ठ्याचे रणगाडे आणि मामांचा फॉरवर्ड

रविवारी सकाळी मामांनी घरच्या ग्रुपवर टाकलं: १९३९ मध्ये पोलंडच्या घोडदळाने भाले घेऊन जर्मन रणगाड्यांवर चाल केली, कारण रणगाडे पुठ्ठ्याचे आहेत असं त्यांना वाटत होतं. जर्मन सैन्य पूर्ण यांत्रिक होतं. आधुनिक युद्धात घोड्याला जागा नाही, जो बदलत नाही तो संपतो. दुपारपर्यंत आठवीतल्या भाच्याने हे वक्तृत्वाच्या वहीत उतरवलंही. म्हणून लिहितोय.

आधी पुठ्ठा. अहो, पोलंड स्वतः रणगाडे बनवत होता! त्यांच्या घोडदळाच्या प्रत्येक ब्रिगेडमध्ये छोटे रणगाडे नि चिलखती गाड्या होत्या, रणगाडाभेदी तोफा होत्या. ज्याच्या शेजारून रोज रणगाडा धडधडत जातो, त्याला तो पुठ्ठ्याचा वाटेल?

१ सप्टेंबरला क्रोयांती गावाजवळ चाल झाली, हे खरं. पण ती उघड्यावर विसावलेल्या जर्मन पायदळावर, आणि हातात तलवारी होत्या. पायदळ पांगलं. तेवढ्यात जर्मन चिलखती गाड्या आल्या आणि मशीनगनने स्वारांना टिपलं. स्वारांचे कर्नल मास्तालेझ तिथेच पडले. दुसऱ्या दिवशी इटालियन पत्रकारांना ती जागा दाखवली गेली आणि त्यांच्या बातम्यांत चाल थेट रणगाड्यांवर झाली.

भाल्यांची कथा जर्मन सेनापती गुडेरियाननेही आत्मचरित्रात लिहिली. पण त्याच पुस्तकात, १ सप्टेंबरच्याच रात्रीची आणखी एक गोष्ट आहे. त्याच्या एका मोटारवाहू डिव्हिजनने कळवलं, पोलिश घोडदळाच्या दाबामुळे आम्हाला माघार घ्यावी लागतेय. गुडेरियानची क्षणभर वाचाच बसली. हे पान कुणी फॉरवर्ड करत नाही.

१ सप्टेंबरलाच मोक्रा इथे पोलंडच्या वोलिन घोडदळ ब्रिगेडने जर्मनांची अख्खी चौथी पॅन्झर (म्हणजे रणगाड्यांची) डिव्हिजन दिवसभर थोपवली. घोडे मागे झाडीत, स्वार जमिनीवर पालथे, हाताशी तोफा. घोडा पोहोचवायला, लढाई पायउतार होऊन. ही त्यांची नेहमीची रीत.

'पूर्ण यांत्रिक' जर्मनीबद्दल एवढंच: त्यांच्या साध्या पायदळ डिव्हिजनला पाच हजारांच्या आसपास घोडे लागत. तोफा तेच ओढत.

राहिला घोड्याच्या जागेचा मुद्दा. मोकळ्या मैदानात मशीनगनपुढे घोडा टिकत नाही, हे मान्य. चंदी-वैरणही रोज लागते, लढाई असो वा नसो. पण १९४४ च्या उन्हाळ्यात बेलारूसच्या दलदलीत सोव्हिएत सेनापती प्लियेवच्या सैन्यात घोडदळ आणि रणगाडे एकत्र होते. चाकं रुततात तिथून स्वार जायचे, रस्ता मिळाला की रणगाडे पुढे व्हायचे.

आणि मामा, तुम्ही कोल्हापूरचे. वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते ४८ सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्या लोकांच्या सैन्यावर निदान तुम्ही तरी हसू नका.

भाच्याने वहीतला पुठ्ठा खोडलाय. आता भाषणाचा शेवट काय करू, म्हणून तो मलाच विचारतोय. स्पर्धा शुक्रवारी आहे.