प्लेटेड बोअरला क्रोम रिंग चालत नाही? आधी प्लेटिंग कसली ते तर सांगा!

ठाणे-नवी मुंबईतल्या जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. खाली ‘जर्मन टेक्निक’ असा शिक्काही आहे. लांबलचक आहे, पण मुद्दे एवढेच: प्लेटेड बोअरमध्ये (बोअर म्हणजे पिस्टन चालतो ते सिलिंडरचं आतलं भोक, प्लेटेड म्हणजे त्यावर धातूचा पातळ थर चढवलेला) क्रोम रिंग (पिस्टनवरची क्रोम चढवलेली कडी) कधीच टाकू नका, साधी बिडाचीच (कास्ट आयर्नची) टाका. रिंग बदलताना दगडाने होनिंग मारा, म्हणजे बोअर आतून घासा. रिंगचा गॅप, म्हणजे तिच्या दोन टोकांमधली फट, बोअरच्या दर इंचाला चार थाऊ (इंचाचे हजारावे भाग) ठेवा, ब्लॉक (सिलिंडर) कुठलाही असो. इंजिन सीझ झालं, म्हणजे पिस्टन बोअरमध्ये अडकला, तर बोअरला ॲसिड लावा. बोअर घासलं तर ओव्हरसाइज मारा, म्हणजे ते कापून मोठं करा. आणि शेवटी, आपल्या पेट्रोलवर प्लेटिंग टिकतच नाही, तेव्हा सरळ बिडाची स्लीव्ह (आतली नळी) ठोका.

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यामुळेच बाकीचं लोकांच्या गळी उतरतंय.

आधी एक सांगतो. हा मेसेज पुढे ढकलणाऱ्या बहुतेकांकडे येझदी, बुलेट, आरएक्स १०० नाहीतर राजदूत ३५० आहे. या चारही गाड्यांचं मूळ बोअर बिडाचं. येझदी आणि जुन्या बुलेटचा अख्खा ब्लॉकच बिडाचा, तर आरएक्स आणि राजदूत ३५० मध्ये बाहेरून ॲल्युमिनियम आणि आत बिडाची स्लीव्ह. बिडाच्या बोअरला साधी रिंग चालते, क्रोमचीही चालते. त्यामुळे कुणी बाहेरून प्लेटेड किट आणून बसवलं नसेल, तर तुमचा या मेसेजशी काडीचाही संबंध नाही. संबंध आहे तो जुनी बीएमडब्ल्यू, मोटो गुत्झी किंवा जपानी टू-स्ट्रोक रेसर बाळगणाऱ्यांचा. असे लोक मोजकेच, पण त्यांचा ब्लॉक एकदा बिघडला की तो भरून येणं महाकठीण.

आता क्रोम रिंग. हा नियम आला हार्ड क्रोमच्या बोअरवरून. सत्तरच्या दशकातल्या मोटो गुत्झीच्या मोठ्या व्ही-ट्विनमध्ये ॲल्युमिनियमच्या बोअरवर थेट हार्ड क्रोम चढवलेलं असायचं. अशा बोअरमध्ये क्रोमच्या तोंडाची रिंग घातली, की दोन सारखेच कडक आणि तेल धरून न ठेवणारे पृष्ठभाग एकमेकांवर घासतात. तेलाचा पापुद्रा तुटला की ते एकमेकांना चिकटून ओरबाडतात. तिथे बिडाचीच रिंग हवी, यात वादच नाही.

पण ‘प्लेटेड’मध्ये फक्त क्रोम येत नाही. माले कंपनीने १९६७ मध्ये निकासिल नावाचं प्लेटिंग आणलं, तेही मुळात व्हँकेल रोटरी इंजिनासाठी. त्यात क्रोम नसतंच. निकेलच्या थरात सिलिकॉन कार्बाइडचे काही मायक्रॉनचे कण पेरलेले असतात. चिक्की डोळ्यांसमोर आणा: निकेल हा गूळ, कार्बाइड हे दाणे. वरून गूळ किंचित खाली बसतो, दाणे वर राहतात. रिंगचा भार दाण्यांवर येतो आणि मधल्या खळग्यांत तेल थांबतं. इथे क्रोमच्या तोंडाची रिंग मजेत चालते. प्लेटेड बोअरच्या कितीतरी टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्यांना कंपनीच क्रोम रिंग देते. गुत्झीनेही पुढे क्रोम सोडून ‘निगुसिल’ नावाने हाच निकेल-कार्बाइडचा मार्ग धरला. बीएमडब्ल्यूने बॉक्सर इंजिनात १९८१ च्या मॉडेलपासून बिडाचं लायनर (म्हणजे स्लीव्हच) काढून गॅलनिकाल आणलं, तेही याच कुळातलं. म्हणजे एकाच कंपनीच्या, दिसायला सारख्याच गाडीत दोन-चार वर्षांच्या फरकाने बोअर वेगळं निघू शकतं. मेसेजवाल्याने हे सगळं एका पोत्यात भरलंय.

मग ओळखायचं कसं? सिलिंडरच्या आत लोहचुंबक धरा. खाडकन चिकटला तर बीड. चिकटलाच नाही किंवा जेमतेम ओढल्यासारखं वाटलं, तर ॲल्युमिनियमवर प्लेटिंग. बिडाच्या लायनरवर क्रोम चढवलेलं असेल तर मात्र चुंबक फसवतो. तिथे पावसाळा कामाला येतो. बोअर पेट्रोलने पुसून कोरडं करा, पाण्याचा एक थेंब ठेवा आणि सकाळी बघा. ठाण्याच्या दमट हवेत बिडावर तांबूस डाग आलाच म्हणून समजा, क्रोमवर किंवा निकेलवर येत नाही. क्रोम आणि निकेलमधला फरक टॉर्चच्या उजेडात कळतो. क्रोम निळसर पांढरं, आरशासारखं. निकेल-कार्बाइड त्याहून काळपट, किंचित पिवळसर, आणि त्यावर होनिंगच्या तिरक्या रेघा अजून शाबूत असतात. टू-स्ट्रोक असेल तर एक्झॉस्ट पोर्टच्या कडेवरून नख फिरवा. जुनं क्रोम सुटायला लागतं ते बहुधा तिथूनच. नख अडलं, तर रिंगची चर्चा थांबवा. तो ब्लॉक रिंगचा नाही, प्लेटिंगचा पेशंट आहे.

रिंग ओळखणं त्यापेक्षा सोपं. क्रोम रिंगच्या बाहेरच्या कडेला चकचकीत पट्टा असतो आणि बाजू करड्या. साधी रिंग सगळीकडून करडीच. शंका असेल तर जुन्या रिंगच्या टोकाजवळ बारीक कानस फिरवा. बिडावर ती धरते, क्रोमवरून सटकते. आणि क्रोम रिंगचा गॅप कानशीने वाढवायचा असेल, तर कानस नेहमी बाहेरच्या तोंडाकडून आतल्या बाजूला ओढा. उलटी ओढलीत तर टोकाचं क्रोम टवका होऊन उडतं, आणि तो टवका पहिल्याच किकला बोअरमध्ये रेघ मारतो.

होनिंगच्या सल्ल्याने मात्र खरं नुकसान होतं. होनिंगचे नेहमीचे दगड ॲल्युमिनियम ऑक्साइडचे किंवा सिलिकॉन कार्बाइडचे. निकासिलच्या बोअरमधले दाणेही सिलिकॉन कार्बाइडचेच! दगड आणि बोअर तोडीस तोड. दगड कापत नाही, नुसता गुळगुळीत होऊन घसरतो आणि पोर्टच्या कडा ठोकत बसतो. प्लेटिंग झाल्यावर माप आणायचं ते हिऱ्याच्या होनने, ते प्लेटिंगवाल्याचं काम. तुम्ही फक्त रिंग बदलताय आणि तिरक्या रेघा दिसतायत, तर भांडी घासायची हिरवी घासणी, साबण आणि कोमट पाणी पुरे. वरचा करपलेल्या तेलाचा चकाकता थर निघाला की झालं. क्रोमच्या बोअरला तर दगड लावूच नका. तेल धरण्यासाठी त्यात मुद्दाम ठेवलेली बारीक छिद्रं, चर बुजले तर हातात काय उरणार?

यावरूनच एक आडवी गोष्ट. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळ्यात हायड्रॉलिक रॉडला हार्ड क्रोम मारून मिळतं, मग ब्लॉकही त्यांच्याकडूनच करून घेऊ, असं काहींच्या डोक्यात आहे. रॉडवर गुळगुळीत क्रोम हवं असतं, कारण तिथे तेलाचं सील सरकतं. बोअरला नेमकं उलट. कारागीर कितीही चांगला असला, तरी बोअरचं काम कधी केलंय का हे विचारल्याशिवाय ब्लॉक हातात देऊ नका.

‘इंचाला चार थाऊ’ हा नियम बिडाच्या जमान्यातला, अंदाज म्हणून वाईट नाही. पण ‘ब्लॉक कुठलाही असो’ हे चूक आहे, आणि ते कागदावर करून बघता येतं. ७० मिमी बोअर घ्या, परीघ साधारण २२० मिमी. नियमाने गॅप येतो ०.२८ मिमी. आता सिलिंडर १०० अंशांनी तापला आणि रिंग १५० अंशांनी, असं धरू. रिंग ०.३६ मिमीने लांबते. बिडाच्या बोअरचा परीघ ०.२४ ने वाढतो, म्हणजे गॅप ०.१६ वर येतो. ॲल्युमिनियमच्या बोअरचा परीघ ०.४८ ने वाढतो, तेव्हा गॅप उलट ०.४० होतो. थंडपणी एकच माप, गरमपणी दुपटीहून जास्त फरक. म्हणून काही हुशार लोक प्लेटेड ब्लॉकला गॅप अगदी चिकटून ठेवतात. तेही नको. सकाळी गाडी चालू केल्यावर रिंग पटकन तापते, ब्लॉक मागे राहतो, आणि त्या काही मिनिटांत ॲल्युमिनियमच्या बोअरमध्येही गॅप आवळतो. त्या इंजिनासाठी कंपनीने दिलेलं माप असेल तेच घ्या.

गॅपचा याहून मोठा उपयोग मेसेजमध्ये नाहीच. रिंग पिस्टनच्या डोक्याने ढकलून सरळ बसवा आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वर, मध्ये, खाली असं तीन ठिकाणी मोजा. बोअरचा व्यास ०.१ मिमीने वाढला, की गॅप सुमारे ०.३१ मिमीने वाढतो. समजा खाली ०.३० आणि वर ०.६० आलं, तर वरचं बोअर जवळपास ०.१ मिमीने मोठं झालंय, म्हणजे प्रत्येक बाजूने ०.०५. प्लेटिंगची जाडीच मुळात साधारण ०.०७ ते ०.१ मिमी. उरलं काय याचा हिशेब तुम्हीच करा. बोअरचा व्यास मोजणारं डायल गेज नसलेल्याला हे फीलर गेज पुरेसं आहे.

ओव्हरसाइजचा मुद्दाही याच आकड्यात निकालात निघतो. पाव मिमीचा ओव्हरसाइज मारायचा तर प्रत्येक बाजूने ०.१२५ मिमी काढावं लागतं. प्लेटिंग गेली, खाली नुसतं ॲल्युमिनियम.

ॲसिडबद्दल सावध राहा. सीझ झाल्यावर पिस्टनचं ॲल्युमिनियम बोअरवर माखतं आणि लादी साफ करायचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, ते खातं, हे खरं. निकेल-कार्बाइडवर कानकाडीने फक्त डागापुरतं लावून, फसफस थांबली की पुसून भरपूर पाण्याने धुतलं तर काम होतं. पण हेच ॲसिड क्रोमलाही खातं. क्रोमच्या बोअरमध्ये ते ओतलंत तर डागाबरोबर प्लेटिंगही विरघळवाल. आणि प्लेटिंग कुठेही तडकलेली असेल, तर ॲसिड त्या फटीतून आत शिरून ब्लॉकचं ॲल्युमिनियम पोखरतं. हातमोजे घाला आणि हे काम मोकळ्या हवेत करा, फ्लॅटच्या बंद बाथरूममध्ये नको.

पेट्रोलचा आरोप कुठून आला ते माहीत आहे. १९९० च्या दशकात बीएमडब्ल्यू आणि जॅग्वारच्या काही व्ही-८ मोटारींचं निकासिल खराब झालं होतं. कारण पेट्रोलमधलं जास्त गंधक. आपल्याकडे बीएस-३ (भारत स्टेज) पेट्रोलमध्ये गंधकाची मर्यादा १५० पीपीएम (दहा लाखांत १५० भाग) होती, बीएस-४ मध्ये ५०, आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६, म्हणजे १०. आणि चाकणला बनणारी केटीएम ड्यूक ३९० निकासिलचं बोअर घेऊन २०१३ पासून आपल्याच पंपांवरचं पेट्रोल पितेय.

राहिली स्लीव्ह. प्लेटिंग पूर्ण गेली आणि पुन्हा करून घेणं परवडत नसेल, तर बिडाची स्लीव्ह हा रास्त पर्याय आहे, कमीपणाचा नाही. मात्र त्या क्षणी तुमचं बोअर बिडाचं झालं. प्लेटेड ॲल्युमिनियमच्या बोअरमध्ये पिस्टन आणि सिलिंडर जवळजवळ बरोबरीने फुगतात, म्हणून कंपनी क्लिअरन्स, म्हणजे दोघांमधली मोकळी जागा, कमी ठेवते. बिडात पिस्टन बोअरपेक्षा जास्त फुगतो. लेथवाल्याने मॅन्युअलमधलं जुनंच माप धरून बोअर मारलं, तर घोडबंदरच्या चढावर गाडी सीझ झालीच. त्याला पिस्टन हातात देताना नवं क्लिअरन्स कागदावर लिहून द्या, आणि गॅपही बिडाच्या हिशेबाने नव्याने मोजा.