आकाशवाणीची ती धून रविशंकरांची नाही

सकाळी रेडिओ लावला की तंबोऱ्यावर उमटणारी व्हायोलिनची धून 'पं. रविशंकर यांनी बांधली', असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरतो आहे. ते खरे नाही. ही धून 1930 च्या दशकातली. रविशंकरांचा जन्म 1920 चा. त्या दशकाच्या अखेरीस ते थोरले बंधू उदयशंकर यांच्या नृत्यपथकातून बाहेर पडून अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे सतार शिकायला नुकते बसत होते. गोंधळाचे मूळ बहुधा दूरदर्शनच्या संकेतधुनीत आहे. ती मात्र त्यांचीच.

आकाशवाणीच्या धुनीचे श्रेय सहसा वॉल्टर काउफमान यांना दिले जाते. जन्म 1907, कार्ल्सबाड, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात. नाझींची सावली पसरू लागली तेव्हा हा ज्यू संगीतकार 1934 मध्ये मुंबईत आला. इथे त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. त्या मैफलींत काउफमान पियानोवर आणि मेहली मेहता, म्हणजे झुबिन मेहतांचे वडील, व्हायोलिनवर असत. 1937 ते 1946 काउफमान आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. शिवरंजनी रागाची छाया असलेली धून युरोपातून आलेल्या माणसाची कशी, असे विचारणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की या गृहस्थाने पुढे उत्तर भारतीय रागांवर जाडजूड ग्रंथ लिहिला.

'ते इंग्रज अधिकारी होते' हेही त्याच मेसेजचे एक भावंड. इंग्रज नव्हेत. पुढे ते कॅनडात विनिपेग सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संचालक झाले आणि 1957 पासून अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकवू लागले.