कपाटाचं लाकूड

वकीलबाई कट्ट्यावर आली तीच चिडून. सी. एस. लुइसची, नार्निया या जादूच्या देशाच्या गोष्टींची सातही पुस्तकं तिनं इतक्या वर्षांनी पुन्हा वाचून काढली होती.

"शेवटच्या पुस्तकात चार भावंडांतल्या सूझनला नार्नियाबाहेर ठेवलंय रे! का, तर तिला लिपस्टिक, नायलॉनचे मोजे आणि पार्ट्यांची आमंत्रणं आवडायला लागली म्हणून. आणि आईवडील, भावंडं सगळी एकाच रेल्वे अपघातात गेलेली. मागे ही पोरगी एकटी राहिली, तिचं काय झालं याबद्दल एक ओळ नाही. लहानपणी मला हे खटकलंसुद्धा नव्हतं."

"लुइसनं १९५७ मध्ये एका मुलाला पत्रात लिहिलंय की," मास्तर म्हणाला, "सूझनला सुधारायला अजून पुष्कळ वेळ आहे. कदाचित तीही पोचेल, तिच्या वाटेनं."

"सुधारायला? तिनं बिघडवलं काय होतं?"

यावर मास्तरकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

धाकट्याचं उलटं झालं होतं. लहानपणी त्याला सूझनच्या भावाचा, एडमंडचा भयंकर राग यायचा, टर्किश डिलाइट नावाच्या मिठाईसाठी सख्ख्या भावंडांना विकतो म्हणून. "आता वाचताना पोटात तुटलं. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीनं लंडनहून दूर पाठवलेली पोरं ती. ते कपाटाचं पहिलं पुस्तक १९५० चं, आणि ब्रिटनमध्ये गोळ्या-मिठायांवरचं रेशनिंग उठलं १९५३ मध्ये. घरापासून तुटलेल्या पोराला बर्फात कुणीतरी जवळ बसवून विचारतं, तुला काय खायला आवडेल? मीही फसलो असतो."

मग वाद क्रमावर गेला. हल्लीच्या संचांत कथेतल्या काळाप्रमाणे क्रमांक असतात, त्यामुळे १९५५ साली सहावं आलेलं 'द मॅजिशियन्स नेफ्यू' पहिलं होऊन बसतं. मास्तरला तेच बरोबर वाटतं. लेखकानंही एका वाचक मुलाला तोच क्रम पसंत असल्याचं कळवलं होतं, हे त्यानं ठासून सांगितलं.

इथे मात्र मला राहवेना. त्या पुस्तकात डिगरी नावाच्या मुलाची आई मरणाला टेकलेली असते. नार्नियाचा सिंह ॲस्लान त्याला दूरच्या बागेतून सफरचंद आणायला पाठवतो आणि तिथे चेटकीण त्याला गाठते. म्हणते, हे फळ पळव, घरी जा, आई वाचेल. डिगरी शब्द पाळतो. पण त्याआधीच, आईसाठी काही द्याल का असं विचारताना त्यानं मान वर केलेली असते, तर सिंहाच्या डोळ्यांत पाणी, जणू त्या आईचं दुःख त्यालाच जास्त आहे. लहानपणी मी हे पान उडत उडत वाचलं होतं, मला उडत्या घोड्याची घाई होती. या वेळी तिथेच थांबलो आणि बराच वेळ पान उलटलं नाही. लुइसची आई १९०८ मध्ये कॅन्सरनं गेली, तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. पुस्तकातल्या आईला सफरचंद मिळतं, ती बरी होते. त्याचा गाभा डिगरी अंगणात पुरतो, झाड वाढतं, पुढे वादळात पडतं, आणि त्याच लाकडाचं कपाट बनतं. पहिल्या पुस्तकात सूझनची धाकटी बहीण ल्यूसी ज्यातून नार्नियात जाते, ते!

"म्हणून आधी कपाट, मग सफरचंद," मी म्हटलं. "पाच पुस्तकं आपण त्या कपाटाला नुसतं जादूचं कपाट समजत असतो. ते एका मुलानं आईसाठी मागितलेल्या फळातून आलंय, हे सहाव्यात कळतं. क्रम बदललास की ते आधीच फुटतं."

"आणि ते कपाट ज्याच्या घरात असतं, तो म्हातारा प्रोफेसर..." धाकटा म्हणाला.

"तोच डिगरी. म्हणून तर ल्यूसी खोटं बोलत नसेल, असं तो एकटा म्हणतो."

मास्तर थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझ्या मुलाला कालच पहिलं म्हणून तेच दिलंय. किती वाचलं असेल त्यानं?" आणि घरी फोन लावला.

"सूझनचं मी सोडणार नाही हं," वकीलबाई म्हणाली.

"सोडूच नकोस," मी म्हटलं.